प्रेमाने धरलेला हात कसा सोडवावा

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा तुझ्या वयाला. तुझ्या सल्ल्याला नमस्कार करणे मी गेल्या मंगळवारपासून बंद केले आहे.) तुझा गुडघा आणि भावोजींचा खोकला देवाच्या दयेने बरा असेल असे धरून चालते, कारण बरा नसता तर मागच्या पत्रात चार पाने भरून मला हवापालटाचे फायदे सांगायला तुला सवड झाली नसती. इकडे मी ठीक आहे. उजवे कोपर सुजून आंब्याएवढे झाले आहे, ह्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला आहे, चिरंजीव माझ्याशी बोलत नाहीत. बाकी क्षेम.

आता मूळ रागाकडे येते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची पिशवी भर रस्त्यात दोघांनी हिसकावली, हे मी तुला कळवले ती माझी पहिली चूक. त्यावर तू लगेच माझ्या लेकाला फोन केलास की आईला स्वसंरक्षणाच्या क्लासला घाल, दिवस वाईट आहेत. एरवी गॅसची नळी बदलायला दोन महिने लावणाऱ्या माझ्या लेकाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला त्या क्लासच्या दारात उभी केली. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मला वाटले, पोराला आईची काळजी! (ताई, मॅट्रिकला मला गणितात पैकीच्या पैकी होते. माणसांचा विषय तेव्हा नव्हता.)

क्लास दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये, पाच ते सात. शिकवणारी मुलगी बाविशीची, केरसुणीच्या काडीएवढी. पण पहिल्याच दिवशी तिने आमच्यातल्या सर्वांत भारदस्त बाईंना, म्हणजे पोस्टातल्या बाईंना, गादीवर असे अलगद आडवे केले की मी मनात देवाचे नाव घेतले. तिचे म्हणणे एकच. डाव पाठ करून उपयोग नाही, योग्य डाव निवडता आला पाहिजे, आणि त्यासाठी हात कुठून येतोय ते आधी बघायचे. मनगट धरले तर समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूला हिसका, कारण चार बोटांपेक्षा एकटा अंगठा दुबळा. मागून धरले तर कोपर. फरफटत नेऊ लागला तर अंग सैल सोडून खाली बसायचे. आणि सर्वांत उत्तम म्हणजे मोठ्याने ओरडायचे आणि पळायचे. हे सगळे मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर उतरवून घेतले. (नवी वही कशाला?) ओरडण्यापुढे मात्र फुली मारली. आमच्या घरात मी ओरडले तर कुणी मान वर करून बघत नाही, रेडिओचा आवाज तेवढा वाढवतात.

तर मी तिथे अंगठे पिरगाळत असताना माझ्या घरात काय चालले होते? पाच ते सात माझे स्वयंपाकघर मोकळे, म्हणून सूनबाई फूटपट्टी घेऊन आत! ओटा तोडायचा, फळ्या काढायच्या, चकचकीत कपाटे बसवायची, आणि दोन वेळा रांधायला बाई ठेवायची. का, तर आईंनी आता आराम करावा. सव्वीस वर्षे ज्या ओट्यापाशी उभी राहून मी ह्या घराची तोंडे भरली, तिथून मला हलवायचे ठरले, आणि मला विचारावे असे एकाच्याही मनात आले नाही. सुगावा मला लागला होता. मी हातात झारा घेतला की सूनबाई मागून येई, खांद्यावर हात ठेवी आणि "आई, तुम्ही बसा ना" म्हणत असे हलकेच खुर्चीकडे वळवी की बसल्यावर कळायचे, आपल्याला बसवले गेले.

मी क्लासमध्ये विचारलेच. म्हटले, खांद्यावर हात आहे, मऊ आहे, आणि खुर्चीकडे ढकलतोय, तर कोणता डाव? मुलीने कपाळाला आठ्या घालून विचारले, माणूस कोण? म्हटले, सून. सगळ्या जणी खो खो हसल्या. पोस्टातल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. (त्यांनाही सून आहे.) मुलगी म्हणाली, "काकू, मग तो हल्ला नाही हो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हल्ला कसा नाही? चोर पिशवी नेतो आणि निदान तुझ्या भल्यासाठी नेली असे तरी म्हणत नाही!

मंगळवारी शिकवणाऱ्या मुलीला ताप आला म्हणून क्लास लवकर सुटला आणि मी साडेपाचलाच घरी. दार उघडे, माझे डबे बैठकीच्या खोलीत जमिनीवर, आणि स्वयंपाकघरात एक सुतार माझ्या फळीला टेप लावून उभा. शेजारी सूनबाई आकडे लिहून घेतेय. चिरंजीव पुढे आले, माझे मनगट हळूच धरले आणि म्हणाले, "आई, चिडू नकोस, तू आधी इथे बस." वहीतले पान माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. अंगठ्याच्या बाजूला हिसका दिला. हात असा सुटला की चिरंजीव पिठाच्या डब्यावर बसले. तेवढ्यात मागून खांद्यावर हात आला. मी म्हटले, आलीस का! आणि दिले कोपर. ते लागले पितळी पेल्याला, पेला लागला चष्म्याला, आणि चष्म्यामागे सूनबाई नव्हती, हे होते. तीस वर्षांच्या संसारात घरातल्या कुठल्याही भांडणात हे वर्तमानपत्राबाहेर आले नव्हते. त्या दिवशी प्रथमच माझी बाजू घ्यायला उठले, माझ्यासाठी पाणी घेऊन. आता पुढची तीस वर्षे उठायचे नाहीत.

मग सूनबाई समोरून आली. डोळे भरलेले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुमच्यासाठीच करतोय ना हो सगळं." ताई, ह्यावर कुठल्याही पानावर डाव नाही. अंगठा कुठल्या बाजूला आहे हेच डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसेना. (तिच्या आणि थोडे माझ्याही.) पळावे, तर स्वतःच्या स्वयंपाकघरातून पळून जाऊ कुठे? म्हणून देवाचे नाव घेतले, अंग सैल सोडले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच फतकल मारली.

चिरंजीवांनी काखेत हात घालून बघितले, सूनबाईने पाय धरून बघितले. मी ओल्या पोत्यासारखी. शेवटी त्यांनी आतल्या सुताराला हाक मारली. तो म्हणाला, "मी लाकूड उचलतो साहेब, आया नाही." पण त्याचीही पंचाईत, कारण बाहेर यायचे तर मला ओलांडून यावे लागणार, आणि बाईमाणसाला ओलांडायला तो धजेना. असा दीड तास गेला. मी बसल्या जागेवरून त्याला चहाचा डबा कुठे, साखर कुठे, बर्नर कुठला नीट पेटतो ते सांगितले. त्याने दोघांपुरता चहा केला, मला कपात दिला, स्वतः ओट्याला टेकून प्याला. मग ओट्यावर बोटाच्या पेरांनी ठोकून म्हणाला, असा दगड आता मिळत नाही, हा तोडायला सांगणारा माणूस मूर्ख. चिरंजीवांचा चेहरा बघायला तू हवी होतीस. काम सध्या तहकूब. मी उठले. म्हणजे सुतारानेच हात देऊन उठवले, कारण पायाला मुंग्या आल्या होत्या.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुला सध्या नुसतेच हे पत्र.

तुझी धाकटी बहीण

ता. क. चष्म्याची काच तेवढीच तडकली, डोळा वाचला. देवापुढे जास्तीचा दिवा लावला.

ता. क. २ तुझ्यावरच्या रागाचे खरे कारण आता लिहिते. काल चिरंजीवांचा शर्ट धुवायला घेताना खिशात तुझे कार्ड सापडले. "आईला दोन महिने माझ्याकडे पाठव, तोवर तुम्ही काम उरकून घ्या." ताई! घरातले तीन हात मी एकटीने सोडवले, चौथा तुझा असेल असे स्वप्नातही नव्हते. तेव्हा हे पत्र मिळताच त्याला लिही की जमणार नाही, घरी अडचण आहे. खोटे बोलल्याचे पाप मी माझ्या माथी घेते.

ता. क. ३ तुझा नकार इकडे पोचला की आठ दिवसांनी मी आपल्या मनाने, आपल्या तिकिटाने पंधरा दिवस येईन, स्वयंपाकघराला कुलूप घालून. तुझा गुडघा एवढा दुखतो, तरी तू दिवसभर उभी, हे मला बघवत नाही. मी असेपर्यंत ओट्यापाशी फिरकायचे नाही. तू आपली नुसती बस.