मिंटीची झूल

गायरा,
२ नोव्हेंबर

प्रिय विनी,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. नव्या खुब्याने काठीशिवाय अंगणापर्यंत चालत गेलीस हे वाचून प्रभूचे आभार मानले. इकडे माझ्या नवरोबाचा, रेजचा खोकला थांबला, म्हणजे त्याचं बोलणं पुन्हा सुरू झालं. वसंत असूनही परवाच्या हिमाने माझे वाटाणे करपले. चर्चच्या जत्रेसाठी लिंबाचा मुरांबा केलाय. साखर जरा कमी घातली, कुणाच्या लक्षात येत नाही.

मिंटी मजेत आहे.

एवढं लिहून उठले, चहा केला, परत बसले. हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहिलं. आधी लिहिलं तेव्हा मला खरं माहीत नव्हतं. शेवटच्या दोन पत्रांत माहीत असून लिहिलं. आता पुढच्या आठवड्यात तू तिला न्यायला येशील. त्याआधी माझ्याकडूनच कळू दे.

तुझा बुटका घोडा बार्नी हिरवं गवत खाऊन खाऊन खुरांच्या दुखण्याने गेला, तेव्हा चर्चमधल्या चहाला सगळ्या बायकांसमोर मी म्हटलं होतं, "लाडाने मारलंस त्याला." तू भरलेला कप तसाच ठेवून निघून गेलीस. तरीही ऑपरेशनची वेळ आली तेव्हा मिंटीला माझ्याकडेच आणून सोडलंस. आणि मी मनात म्हटलं, आता दाखवते विनीला, जनावर कसं सांभाळतात.

म्हणून तिला गवतावर जाऊच दिलं नाही. मागच्या मातीच्या आवारात ठेवली. वर्षाचं शिंगरू, माझ्या कमरेलाही न पोचणारं. शेडमधला गेल्या सालचा वाळका चारा संपवायचा होता, तोच घातला, तोही हात आखडून. बुटक्या घोड्यांना नुसत्या वाऱ्यानेही चरबी चढते, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात ना! जूनमध्ये थंडी पडली तशी जुन्या रजईची झूल शिवून घातली. त्यात हिवाळ्याचे केस अस्वलासारखे. रेज म्हणायचा, "नोला, घोडी पाळलीस की सोफा?" मी खूश व्हायचे.

तू जाताना गाडीतून ओरडून सांगितलं होतंस, "रोज तिच्या अंगावरून हात फिरव गं!" मी रेजला म्हटलं, "ऐकलंस? पुन्हा तेच लाड."

ऑक्टोबरात चर्चमधला जनावरांच्या आशीर्वादाचा रविवार आला. झूल धुऊन, इस्त्री करून मिंटीला घेऊन रांगेत उभी राहिले. फादर अल्विननी झुलीखाली हात घातला आणि त्यांची प्रार्थना मध्येच थांबली.

"नोला, ही आजारी आहे का?" ते हळूच म्हणाले.

"छे हो फादर, शिस्तीत वाढवलीय."

माझा हात धरून त्यांनी झुलीखाली ठेवला. विनी, बरगड्या खुराड्याच्या गजांसारख्या लागल्या. मागून कोंबडी काखेत घेतलेली एनिड ओरडली, "काय गं नोला, तुझ्या घोडीला आशीर्वाद लागू पडेना वाटतं!" सगळे हसले. आणि मी काय केलं? दोन्ही हातांनी झूल खाली ओढून धरली, कुणाला दिसू नये म्हणून. आधी मला माझीच पडली होती. हे मला अजून गिळवत नाही.

बोलावल्यावर जनावरांच्या डॉक्टर ट्रुडी आल्या. दात पाहिले, लीद तपासली. "पोट गोल दिसतं ते जंतांमुळे. त्यावर हा निकस चारा. वसंत लागला, निरोगी शिंगराचे हिवाळ्याचे केस एव्हाना गळायला लागतात," असं म्हणून त्यांनी झुलीकडे पाहिलं. "शिवलीय मात्र छान."

मी धान्याची बादली भरून आणायला निघाले, तशा ओरडल्या, "आता पुण्य कमवायची घाई नको! पोटशूळ होऊन मरेल. चांगला मऊ चारा कायम पुढे ठेवा, लसूणघास थोडा थोडा वाढवत न्या. आणि डोळ्यांवर विसंबू नका. रोज अंगावरून हात फिरवा."

तुझेच शब्द, विनी. मी मान खाली घालून ऐकले.

तेव्हापासून सकाळची प्रार्थना तिच्या बरगड्यांवर हात ठेवूनच करते. जंतांचं औषध झालं. घास नवा, चांगला आणते. घासाघीस करत नाही. बरगड्या अजून लागतात, पण आता बोटं जरा दाबावी लागतात. केसांचे पुंजके हातात येतात. काल तिने माझा एप्रन ओढला, बादलीला लाथ मारली आणि आवारभर उधळली. रेज म्हणाला, "सोफ्याला पाय फुटले गं!" मी हसले नाही, शेडमागे जाऊन रडले.

झुलीचं पायपुसणं केलंय. टाकवलं नाही.

तू आलीस की मला फाटकाशीच थांबव. आधी तिच्या अंगावरून हात फिरव, मग मला काय बोलायचं ते बोल. ती माझ्या नजरेसही पडू नये असं तुला वाटलं, तरी हरकत घेणार नाही. चर्चच्या चहाला सगळ्यांसमोर बोललीस तरी चालेल. मी कप ठेवून निघून जाणार नाही.

हात लावून न पाहताच बोलणारी,
तुझी बहीण
नोला