डावं दुकान, उजवं दुकान

मी, व्हिडिओ गेमच्या दुकानाची डावी बाजू गेली चार वर्षे एकटीने चालवणारी, वय वर्षे चौसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. वकीलबाई समोर बसून घड्याळ पाहत आहेत, त्याला दडपण म्हणत नाहीत.

१. दुकान. सासऱ्यांनी ते दोन्ही मुलांच्या नावे केले. माझे यजमान आणि भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कितीतरी वर्षे एकाच गल्ल्यावर बसले. मग टीव्हीला जोडून गेम खेळायच्या काळ्या मशीनच्या कंपनीने यजमानांना गाठले आणि पांढऱ्या मशीनच्या कंपनीने भावजींना. दोन्ही कंपन्यांचे म्हणणे एकच: मशीन आम्ही तोट्यात विकतो, तुम्हीही त्यावर फार कमावू नका, कमाई गेममध्ये, कारण आमचा गेम त्यांच्या मशीनवर चालतच नाही. भावांना हे इतके पटले की महिन्याभरात दुकानाच्या मधोमध प्लायवूडचे पार्टिशन उभे राहिले. सख्खे भाऊ, पण एकाचे दुसऱ्याकडे चालेना. त्याला सोळा वर्षे झाली.

यजमानांच्या पश्चात माझ्याकडे आलेला अर्धा हिस्सा, आणि खाली ज्याचा उल्लेख नाही ते सगळे, मी माझा मुलगा आणि पुतणी यांना निम्मे निम्मे देते.

२. काउंटरखालचे काळे मशीन. यजमान गिऱ्हाइकाशी कधी खोटे बोलले नाहीत. पूर्वी मशीन जुने झाले की दर उतरायचा, म्हणून ते प्रत्येकाला सांगायचे, "थांबा, उतरेल." गिऱ्हाईक थांबायचे आणि आम्ही माश्या मारायचो. समोरचे शिंपीकाका असे पाच वर्षे थांबले आहेत. या खेपेला मशीन जुने होत गेले आणि दर चढत गेला. असे मी फक्त जमिनीच्या बाबतीत पाहिले होते. शिंपीकाका अजूनही शटर उघडले की विचारतात, "वहिनी, उतरलं का?" हे मशीन त्यांना खोक्यासकट फुकट द्यावे. यापेक्षा खाली दर उतरत नाही.

३. कॅलेंडर आणि त्यामागचे भोक. पार्टिशन झाले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता, पुतणी नऊ. थोड्याच दिवसांत प्लायवूडला एक भोक पडले. डावीकडून डोळा लावून मुलगा उजवीकडचा गेम बघायचा, मग पाळी पुतणीची. मी त्यावर कॅलेंडर टांगले आणि गप्प बसले. माझ्या मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, गप्प बसणे हेही खोटे बोलणेच. त्या हिशेबाने मी सोळा वर्षे रोज खोटे बोलले. कॅलेंडर व भोक दोन्ही मुलांचे.

४. पार्टिशन. भावजींना ज्या गेमचा सर्वांत अभिमान, तो गेल्या वर्षी काळ्या मशीनवरही आला. मी तो दर्शनी लावला. पलीकडून भावजी ओरडले, "वहिनी, तो आमचा गेम आहे!"

मी म्हटले, "कंपनीला विचारा. ती म्हणते, सगळ्यांचा."

दोन दिवस उजवे शटर उघडले नाही. तसे बोलायला नको होते. मी येथे लेखी माफी मागते. कंपन्यांना आता कोणाच्याही मशीनवर का होईना, गेम खपायला हवा. त्यांनी कुंपण काढले, आमचे प्लायवूड मात्र जागच्या जागी. मुले म्हणतात, दुकान एक केले तरच टिकेल, नाहीतर दोन्ही बाजूंना कुलूप. भावजी म्हणतात, "मी जिवंत असेपर्यंत पार्टिशन काढणार नाही." वय झालेल्या माणसाला शब्द मोडायला लावू नये. प्लायवूड यजमानांनी आणले होते, ते मी भावजींना देते. मनाला येईल तेव्हा त्यांनी काढावे.

५. हे कलम आयत्या वेळी लिहिले. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदार दोन हवेत. पण ज्याला काही मिळतंय त्यानं सही केली, तर त्याचं मिळणं गेलं."

साक्षीला डॉक्टर आणि शिंपीकाकांना बोलावले होते. डॉक्टरांनी सही केली. शिंपीकाकांनी पेन घेतले, हे ऐकले आणि पेन खाली ठेवले. "वहिनी, पाच वर्षं थांबलोय हो."

तेवढ्यात कॅलेंडर हलले. भोकातून आवाज आला, "मी करतो सही."

"भावजी! तुम्हाला भोक माहीत होतं?"

"मीच मोठं केलं ते. पोरीला नीट दिसत नव्हतं."

भावजी रस्त्यावरून वळसा घालून आत आले. सोळा वर्षांत पहिल्यांदा. वकीलबाईंनी बजावले, "सही केलीत तर पार्टिशन तुमच्या हातून जाईल."

"कुणाकडे?"

"मुलांकडे."

"त्यांनी काढलं, तर शब्द मी मोडला असं होत नाही ना?"

"नाही."

"मग द्या पेन. पंखा यांच्या बाजूला राहिला, सोळा वर्षं घामानं भिजतोय."

मी म्हटले, "पण भावजी, हे सगळं मी गेल्यावर."

ते शिंपीकाकांकडे बघून म्हणाले, "आणखी थांबायचं? थांबून याचं काय झालं, बघितलंत ना? पोरांना हाक मारा. पाना-पकड मी आणतो."

सबब कलम ४ रद्द. कलम ३ मधले भोक आता राहणार नाही. मुलांनी कॅलेंडरवर समाधान मानावे.

सही: मोठी वहिनी
साक्षीदार: १. डॉक्टर
२. धाकटे दीर (काही मिळाले नाही, असे त्यांनी मुद्दाम लिहून घेतले)
दिनांक: १४ मार्च
स्थळ: <s>दुकानाची डावी बाजू</s> दुकान