मैपतीला आडवा करायची विद्या

९ एप्रिल १९२५, लोणावळा
आज बाजारात बयाबाई भेटली. सरूच्या सासरच्या गावची, तिकोना गडाच्या पायथ्याची. कोंबड्या विकायला आली होती. म्हणाली, "हौशीराम, तुझ्या बहिणीच्या पाठीवर वळ हायेत. कासऱ्याचं." एवढं सांगितलं आणि गिऱ्हाइकाशी भाव करायला वळली!
दाजींनी मारलं. महिपती. गाव मैपती म्हणतं. एकदा उधळलेला रेडा त्यानं शिंगाला धरून थांबवला होता. आई-आबा गेले, आमच्या गावचं, उर्शाचं घर चुलत्यांनी धरलं. सरूचं माहेर म्हणजे आता मी. इंजिनशेडातला खलाशी, वजन सव्वा मण, तेही कोळशाच्या काळ्यासकट.
जायचं, त्याला आडवा करायचा, सरूला घेऊन यायचं. पण आडवा करायचा कसा? काहीतरी शिकलं पाहिजे. लवकर लागू पडेल असं.

११ एप्रिल
अंबाजी वस्तादांच्या तालमीत गेलो. वाटलं, एखादा डाव देतील. दिलं फावडं! "हौदा उकर." दोन तास लाल माती उकरली. हाताला फोड. शेडात हेच करतो की, फक्त काळं!

२० एप्रिल
अजून फावडं! मधे जोर आणि बैठका. आज न राहवून विचारलं, वस्ताद, मारायचं कधी शिकवणार?
"मारायचं? हितं कुनी कुनाला मारत न्हाई. पाठ मातीला लावायची आन् हात देऊन उठवायचं."
म्हणजे मैपतीची पाठ मी लावायची, मग मीच त्याला उठवायचं! आणि उठल्यावर तो काय मला ओवाळणार?

२१ एप्रिल
तालीम सोडली.

४ मे
पुण्याच्या कॉलेजातली पोरं सुट्टीला आली आहेत. बंगल्याच्या मागं त्यांचे मास्तर लाठी शिकवतात. मीही रांगेत शिरलो. आठ दिवस नुसता काठीला नमस्कार! मग एक म्हटलं की पाऊल, दोन म्हटलं की वार, तीनला फिरवा, चारला मूळ जागी. एका पोरानं मला विचारलं, "तुम्ही कोणत्या इयरला?" मी म्हटलं, खलाशी.
मैपती चारपर्यंत थांबेल का?

१७ मे
आज खोलीवर सराव केला. दोनवर काठी आढ्याला लागली, तीनवर कोंडूचा माठ फुटला. कोंडू माझ्याच खोलीत राहतो, माझ्याच पाळीला असतो. ओरडला, "हौश्या, तुझा दाजी मरंल तवा मरंल, मी आजच तान्हेनं मरतो!"
पण खरं कळलं ते वेगळंच. सरूचं घर आपल्या खोलीहून ठेंगणं. दारातून वाकून जावं लागतं. तिथं लाठी फिरायचीच नाही! मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, त्याला अंगणात बोलवा.
बोलवा! जणू चहाला!

१८ मे
लाठी सोडली. कोंडूला नवा माठ आणला.

२ जून
बयाबाई. "सरू इचारतीय, दादा कवा येतोय?" मी म्हटलं, सांग तिला, शिकतोय. बयाबाई माझ्याकडे बघतच राहिली. "तिकोन्याची वाट शिकावी लागती व्हय रं?"
हिला काय कळतंय.

१० जून
शेडातला एक गोवेकर फायरमन संध्याकाळी मुक्केबाजी शिकवतो. यात नमस्कार नाही, माती नाही. हेच पाहिजे होतं!

१३ जून
उजवा डोळा बंद. शेडातल्या साहेबानं विचारलं, पडलास काय? म्हटलं, व्हय.

२९ जून
आता बरा मार लागतो, म्हणजे माझा दुसऱ्याला. पण इथंही भानगड आहेच. कमरेखाली मारायचं नाही. पडलेल्याला मारायचं नाही. पाठीत मारायचं नाही. घंटा झाली की थांबायचं. फायरमन म्हणतो, "रूल इज रूल, मॅन." सगळ्या विद्यांना नियम! कासऱ्यानं बाईला मारायला कुठला नियम आहे, कुठला वस्ताद आहे? ते मात्र न शिकता येतं!
आज चिडून सोडून आलो. पुन्हा जाईन की नाही माहीत नाही.

१२ जुलै
गेलो नाही.

२२ जुलै
पंचमी तीन दिवसांवर. बयाबाई भिजत आली. कोंबड्या नव्हत्या, नुसता निरोप द्यायला आली. "गावातल्या समद्या पोरींचं मुराळी आलं. तुझी भन दारात बसून ऱ्हाती."
मुराळी म्हणजे न्यायला गेलेला भाऊ. पंचमीला मुराळी दारात आला की सासरच्यांना नाही म्हणता येत नाही, गावात शोभा होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. उर्शाला लहानपणापासून बघत आलोय. पण मी म्हणत होतो, आधी शिकू, मग जाऊ.
कोंडू म्हणाला, "येडा हायेस का? फेटा बांध आन् जा. चार म्हईनं झालं, फेटा बांधायला कुठला वस्ताद पायजे?"
दोन दिवसांची रजा घेतली.

२६ जुलै
सरूला घेऊन आलो. लिहितोय, पण अजून राग जात नाही. कुणावरचा ते कळत नाही.
परवा पहाटे निघालो. वाटेभर मुठी आवळत, सोडत. दार दिसलं तसा डावा पाय पुढं टाकला, फायरमननं शिकवला तसा. तेवढ्यात मैपती बाहेर आला, "या पावनं, लय वाट बघाय लावली," म्हणाला आणि तांब्या पुढं केला. पाय धुवायला! आता मूठ सोडल्याशिवाय तांब्या धरायचा कसा? धरला. पाय धुतले. मग पाट मांडला. मग जेवलो. त्याच्या घरचं खाल्ल्यावर हात उचलतो कोण? सरूच्या सासूनं वरून आग्रह केला, मी अजून एक पोळी घेतली! भूक लागली होती.
पंचमीच्या दिवशी सकाळी सरू गाठोडं घेऊन उभीच होती. मैपती गावासमोर हसून म्हणाला, "चार दिसांनी धाडा." बस. एवढंच! वाटेत ओढा ओलांडताना तिचा पदर सरला. वळ जुने होते, वर एक नवा होता. ओढ्यापलीकडे तिनं विचारलं, "चार म्हईनं काय करत हुतास, दादा?"
"शिकत होतो."
ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पुढं चालू लागली.

५ ऑगस्ट
मैपतीचा निरोप. "पंचमी सरली, बायकू धाडा, न्हाईतर मी येतो." सरू म्हणाली, "मी जात न्हाई." मी म्हटलं, येऊ दे, बघतो. छाती काढून म्हटलं.
घाटात दरड आली आहे. शेडात सगळ्यांना पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत कामावर लावलं. रजा कुणालाच नाही. कोंडूही माझ्याच पाळीला. दिवसभर खोलीवर सरू एकटी.

७ ऑगस्ट
आज भाकरी वाढून झाल्यावर सरूनं पदर खोचला आणि माझ्यासमोर उभी राहिली. "तू कामावर असणार. तो आला तर दारात मी असणार, तू न्हाई. शिकलास ते मला दाव."
उठलो. कोंडूनं ताट बाजूला सारून जागा केली. ती माझ्या हातापायांकडे बघत थांबली, मी कुठून सुरू करतो ते बघायला.
मी डावा पाय पुढं टाकला, मैपतीच्या दारात टाकला होता तसा.