हीटिंगवाला दहाला येतोय, आणि मी जंगलात आहे

आई-बाबा,

मी शिकारीला जाते हे कळलं, तर तुम्ही मला घराबाहेर काढाल का? लेना म्हणाली, हे विचारायची तुझी हिंमतच नाही. घ्या, विचारलं!

हीटिंगवाला दहाला येईल. तळघराची किल्ली चहाच्या डब्यावर ठेवलीय. आणि ‘घर गार पडतं, लेनाकडे अभ्यासाला जाते’ असं सांगून गेले तीन शनिवार मी लेनाकडे गेलेच नव्हते. शेजारच्या क्राउझांबरोबर शिकारीला गेले होते. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून झाडीतून जनावरं उठवायला त्यांच्या स्पॅनियल कुत्रीला, फ्लोकाला, मी नेते. बंदुकीला हात लावत नाही, शप्पथ!

फ्लोका वास काढत सुटते तेव्हा जाम भारी वाटतं. पण मागच्या शनिवारी तिनं गोळी लागून पळालेलं हरीण शोधलं, तोवर ते मेलं होतं. क्राउझांनी टोपी काढली आणि त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवली. इथले जर्मन शिकारी मेलेल्या जनावराला शेवटचा घास म्हणून ठेवतात तशी. मला एकदम आजोबांच्या तोंडातलं तुळशीपत्र आठवलं आणि मी भोकाड पसरलं. आपल्याकडे तर अंड्याचा तवासुद्धा वेगळा! मग मला तिथे आवडतं कसं? आणि आवडतं तर रडले का? काहीच कळत नाहीये.

आज हीटिंग सुरू झालं की गार घराचं कारण संपलं. दुसरं सुचलं होतं, पण नको.

तर ठरलंय. आज क्राउझांना सांगणार, जनावरं उठवायला मी येणार नाही. पण जखमी होऊन पळालेलं जनावर कुठेतरी तडफडत पडू नये, म्हणून ते शोधायला फ्लोकाबरोबर दर वेळी जाणार, आणि तुम्हाला सांगून जाणार.

क्षितिजा