तिसऱ्या तारेचा चोर

सेवाग्राम, ३ मार्च २०२५

तीर्थरूप आबाजींस गुंजनचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले, पण जीव थाऱ्यावर नाही. चार रविवार झाले, नाचणगावला येऊन आजीचा पियानो सुरात लावते, वहीत स्वतःला गुण देते अन् पुढच्या रविवारी तपासते. दोनशेवर तारा जागच्या जागी. मधल्या 'सा'ची तिसरी तार मात्र दर वेळी उतरलेली! एका सुराच्या तिन्ही तारांचा आवाज एक हवा, तर ही हेलकावे खाते.

लावलेली तार टिकते का, हेच पियानो लावण्याच्या परीक्षेत पाहतात. हात कच्चा असेल तर पुण्याला जाऊन काय करू? पंधरा तारखेपर्यंत अर्ज मागे घेता येतो. पियानोला कुणी हात तर लावत नाही ना?

माया असू द्या.
गुंजन

नाचणगाव, ६ मार्च

चि. गुंजनला अनेक आशीर्वाद.

अर्जाचं वाचून चहा गार झाला. अगं, उन्हाळा लागला, लाकूड आकसतं. उंदीरही आहेत. शेजारचे प्रभाकरराव परवा उगाच खिडकीतून डोकावून गेले. मले तो माणूस पहिल्यापासून पटत नाई. वाचनालयाचं पुस्तक तीन वर्षं दाबून बसला आहे.

तुझी आजी याच पियानोवर चौथीला चिमणीची कविता शिकवायची. शेवटच्या ओळीला तो 'सा' थरथरायचा अन् वर्ग चिडीचूप व्हायचा. तू सुरात लावलास की तो थरथरत नाई. असो. काऊन एवढी घाबरतेस? अर्धा गुण काप अन् मोकळी हो.

लोभ आहेच.
आबाजी

सेवाग्राम, १० मार्च

तीर्थरूप आबाजींस सा. न.

मागल्या रविवारी निघताना मी कुणाला न सांगता त्या तारेच्या खुंटीपासून खालच्या पत्र्यापर्यंत पेन्सिलची एक सरळ रेघ ओढली होती. काल पाहते तर रेघ मोडलेली. खुंटी फिरली आहे. उंदराला ती फिरवता येत नाही, चावीच लागते. माझी चावी माझ्या पिशवीत असते. आजीची चावी हरवली, असं तुम्हीच म्हणता.

काल प्रभाकरकाकांना सरळ विचारलं. ते म्हणाले, पहाटे तुमच्याकडून चिमणीच्या कवितेची चाल ऐकू येते, म्हणून डोकावलो. आबाजी, खरं सांगा. अर्ज ठेवू की काढू?

उत्तराची वाट पाहते.
गुंजन

नाचणगाव, १३ मार्च

चि. गुंजनला आशीर्वाद.

प्रभाकररावांचा मुलगा आदेश तिकडे दवाखान्यात कामाला जातो, त्याच्या हाती हे पाठवतो. पोस्टाच्या भरवशावर पंधरा तारीख निघून जाईल.

चोर मीच. चावी माझ्या पानाच्या डब्यात होती. तू ती तार सरळ केलीस, सगळे वाहवा म्हणाले, अन् मले घर एकदम रिकामं वाटलं. म्हणून दर सोमवारी पहाटे तिला एवढीशी उतरवून चिमणीची चाल वाजवत होतो. तुझे गुण आपण खाऊन राह्यलो, हे ध्यानात आलं नाई, असं लिहिणार होतो. पण आलं होतं.

अर्ज काढू नको. कापलेले सगळे गुण जुना मास्तर म्हणून परत देतो. प्रभाकररावांची माफी मागितली; पुस्तक त्यांनी तरी दिलं नाई.

चावी सोबत आहे. पास होऊन येजो. मग ती एक तार तूच उतरव, आजीच्या वेळी होती तेवढीच, केसभर जास्त नाई. ते जमलं की वहीत पूर्ण गुण मी माझ्या हातानं लिहीन.

लोभ असू दे. माझ्यावरच्या विश्वासाचं परीक्षेनंतर पाहू.
आबाजी