मायची अंबाडी मी उपटली

मेहकर,
श्रावणातला शेवटचा सोमवार

तीर्थस्वरूप कौशल्याताईस जानरावचा वाकून नमस्कार.

भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने चढण्याची हौस बास झाली. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे आणि वच्छला माझ्याशी बोलत नाही (आज नववा दिवस, चहा मात्र वेळेवर मिळतो).

परवा तू फोनवर विचारलंस, महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला मायची अंबाडी कधी पाठवतोस. मी 'आवाज येत नाही' म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता. ताई, अंबाडी येणार नाही. या वर्षी नाही, आणि बहुतेक यापुढेही नाही. मी ती संपवली. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच बोलली असतीस आणि मी सगळा दोष सरकारवर ढकलून मोकळा झालो असतो. पत्रात मधे कुणाला बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर. शेतीतलं मला एवढंच कळतं की सोयाबीनचं पोतं टपावर चढवलं तर लगेजचं तिकीट फाडावं लागतं. मे महिन्यात आम्ही यात्रेच्या बसने बद्रीनाथला गेलो, वाटेत दरड कोसळली आणि डोंगरातल्या एका गावात दोन दिवस अडकलो. (वच्छलाने तेवढ्यात तिथल्या बायकांना ठेचा शिकवला.) तिथे एक म्हातारा पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात भांग पिकवत होता. जमीन आपल्या टेकडीवरच्या बरडापेक्षाही वाईट, नुसते दगड. तो म्हणाला, पाणी नको, खत नको, वानर तोंड लावत नाही, डुक्कर फिरकत नाही. सालीची दोरी होते, बियांची चटणी होते. आपल्या बरडावर आजवर जे पेरलं ते रोही, डुकरं आणि वानरांनीच खाल्लं, त्यामुळे मला अगदी भरून आलं. म्हाताऱ्याने घरात चौकटीत लावलेला सरकारी कागदही दाखवला. तो परवाना होता हे आता कळतं. माझा चष्मा बसमध्ये राहिलेला. मला वाटलं, त्याला बक्षीस मिळालंय, म्हणून मी त्याचं अभिनंदन केलं.

येताना तिथल्या किराणा दुकानातून, चटणीसाठी विकतात ते भांगेचं बी दोन किलो घेतलं आणि मृगाचा पाऊस पडल्यावर बरडावर फेकलं. वच्छलाला सांगितलं नाही (तिला दम लागतो, ती टेकडी चढत नाही, त्यामुळे गुपित राखणं सोपं होतं). पंधरवड्यात बरड हिरवंगार. पाच बोटांचं पान, कडेला दाते, म्हाताऱ्याच्या शेतात होतं तसंच. मी रोज संध्याकाळी दगडावर बसून बघायचो. या वयात माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी उगवलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता. मधे रोही येऊन एक कोपरा खाऊन गेले, तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी म्हटलं, आपल्याकडच्या जनावरांना अजून या पिकाची माहिती नसेल. दुसऱ्या दिवशी ते झुलत चालतात का, हे बघायला नाल्यापर्यंत त्यांच्या मागे गेलो. सरळ चालत होते.

मग ई-पीक पाहणी आली. पिकाचा फोटो आपणच मोबाइलवर काढून सरकारला पाठवायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पीक लागतं. जन्मभर तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरलेल्या माणसाला नोंद अपुरी राहिलेली सहन होत नाही. मी बरडाच्या मधोमध उभं राहून फोटो काढला, यादीत भांग सापडली नाही म्हणून 'इतर' दाबलं आणि धाडला. संध्याकाळी पानठेल्यावर शेषरावला सहज सांगितलं (तोच तो, तहसीलबाहेर अर्ज लिहून देणारा). त्याचा चुन्याचा हात तसाच राहिला.

"येडा झाला काय बे जानराव? आपल्या इकडे भांग पेरली तं सिद्दे जेलात टाकतात. अन् तू तं सोताच फोटो धाडला! सातबाऱ्यावर नाव कोनाचं हाय?"

मायच्या मागे बरडावर दोन नावं लागली आहेत, ताई. एक माझं आणि एक तुझं. तू पोलिसांच्या गाडीत बसली आहेस आणि भाऊजी लंगडत डबा घेऊन मागे येताहेत, हे चित्र रात्रभर डोळ्यांपुढून हललं नाही. उजाडताच एकटा वर गेलो आणि दिवस मावळेपर्यंत एकूण एक झाड मुळासकट उपटलं, बांधावरचंसुद्धा. नाल्याला पूर होता, सगळं त्यात सोडून दिलं. हातांना फोड आले, पण बहिणीला वाचवलं म्हणून छाती फुगली होती.

चार दिवसांनी तलाठी करिष्माबाई पाहणीला आल्या. मी हात जोडून उभा. त्यांनी मोबाइलमधला माझा फोटो पाहिला, मग मोकळं बरड पाहिलं.

"काका, अंबाडी इतकी मस्त आलती. उपटली काऊन?"

घरी येऊन वच्छलाला सगळं सांगितलं. तिने पिशवीतलं उरलेलं बी दाताखाली चावून पाहिलं. "हे तं भाजलेलं हाय." भाजलेलं बी कुठून उगवणार? उगवलं होतं ते मायचं; ती दरसाल बरडाच्या बांधावर अंबाडी लावायची. गेल्या भादव्यात ती खाटेवर पडली, बोंडं काढायला कुणी वर गेलं नाही, ती वाळून फुटली आणि बी बरडभर सांडलं. लग्नानंतर माहेराहून, बीबी गावाहून पदरात बांधून आणलेलं बी तिने इतकी वर्षं दरसाल राखून ठेवलं. मी फूल यायच्या आत, एका दिवसात, त्याचा निकाल लावला. त्यानंतर वच्छला शेवटचं एवढंच बोलली, "पान तोंडात टाकून पाह्यलं असतं तं आंबट लागलं असतं." नशा चढेल या भीतीने मी पान चाखलं नव्हतं. मायच्या हातची ती भाजी जन्मभर खाल्ली; तिचं झाड कसं दिसतं हे मात्र कधी विचारलं नाही, आणि याचं मला इतकं वाईट वाटतं की हल्ली जेवताना ताटाकडे बघवत नाही.

भाऊजींना नमस्कार. रागाव, पण पत्र पूर्ण वाच.

तुझा भाऊ
जानराव

ता. क. : सातबाऱ्याची काळजी करू नकोस. करिष्माबाईंनी 'इतर' खोडून 'अंबाडी' अशी नोंद दुरुस्त केली आहे. सरकारी कागदावर मायची अंबाडी अजून उभी आहे.

ता. क. दुसरा : खरं तर यासाठीच लिहायला बसलो. मायच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तू एकटीच बरडावर गेली होतीस आणि पाच-सहा वाळलेली बोंडं रुमालात बांधून आणली होतीस. 'मलकापुरात हा कचरा कुठं लावशील?' असं मी सगळ्यांदेखत म्हणालो आणि हसलो. तो रुमाल कुठे असेल तर बघ. कुरियरने पाठवू नकोस, मी स्वतः येईन. सगळं नको, निम्मंच दे. आणि ती बोंडं तू तेव्हाच फेकून दिली असशील, तर लगेच तसं कळवू नकोस. थोडे दिवस 'शोधतेय' म्हण.