शंभर टक्के वाचन

३ फेब्रुवारी, सोमवार

शी! किळस आली आज. हंबीरराव सर, आमचे हेडमास्तर, फाटकावरच्या फळ्याकडे बोट करून म्हणतात, "संयोगिता मॅडम, तितं 'शंभर टक्के वाचन' लिवलंय. तुमची आसिया शिबिराला गेली की आमची शोभा!"

फळ्याची शोभा! पोरीचं काय?

आसिया पाचवीत. साधं 'कमळ' वाचताना तिला घाम फुटतो, अक्षरं जागेवर राहतच नाहीत म्हणते. पण धडा वाचून दाखवा आणि तोंडी विचारा — उत्तरं फाडफाड. सांगलीच्या तपासणी शिबिरात वाचन-अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षा तोंडी देता येईल. नाहीतर नापास. आता पाचवीला नापास करतात. मग अख्तरबी तिला बांगड्यांच्या दुकानात बसवणार. तोंडावर बोलली ती — "शिकत न्हाई तर कशाला पाठवू?" आई आहे की कोण!

४ फेब्रुवारी

भाऊसो गुरुजी — "एका पोरीपायी कशाला डोस्क्याला ताप?" हेच गुरुजी 'सर्वसमावेशक शिक्षणा'च्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत होते. फोटो काढला, श्रीखंड दोनदा घेतलं, ढेकर दिली. झालं यांचं समावेशन! थू.

६ फेब्रुवारी

आज एक बरं घडलं. शिवतेज वर्गात तोंड उघडत नाही, पण अक्षर मोत्यासारखं. त्याची न् आसियाची जोडी लावली. ती सांगते, तो लिहितो. अर्ध्या तासात गडी तिच्यावर ओरडला, "हळू सांग की गं!" वर्षभरातलं त्याचं पहिलं वाक्य! मला हसू आवरेना.

खिडकीतून हंबीरराव सर — "मॅडम, ही कॉपी हाय." डोकं फिरलं माझं.

८ फेब्रुवारी

सरांशी कडाक्याचं भांडले. "पोरीचा बळी देऊन फळा मिरवता? लाज वाटत नाही?" सगळ्या स्टाफसमोर. शेवटी शिबिराचा अर्ज पाठवला त्यांनी. त्यांच्या हातचा चहासुद्धा घ्यावासा वाटला नाही.

११ फेब्रुवारी

आसिया न् अख्तरबीला घेऊन सांगलीहून आत्ताच आले. अर्ज परत. शिबिरातले साहेब म्हणाले, "तुमच्याच शाळेची नोंद आहे, मॅडम. दुसरीत ही मुलगी अस्खलित वाचत होती. मग ही अडचण आत्ताच कुठून आली?" त्यांनी कागद पुढे सरकवला. खाली सही — माझी. दुसरीचा वर्ग तेव्हा माझ्याकडे होता. फळा रंगवायचा होता, म्हणून सगळ्या नावांपुढे एकच शेरा लिहीत गेले होते. एका बैठकीत.

एसटीत अख्तरबीने विचारलं, "आवं बाई, काय लिवलंय त्यात?" तिला वाचता येत नाही.

मी म्हणाले, "हंबीरराव सरांनी अडवलं."

शिराळ्याला उतरेपर्यंत ती त्यांना शिव्या घालत होती. मी मान हलवत होते.